गेले म्हणजे कुठे गेले

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काका,

वर ‘तीर्थरूप’ लिहिलं होतं, ते खोडलं. खोडलेलं दिसतंय हे मला माहीत आहे. दुसरा कागद घेतला असता तर तेही लपवणंच झालं असतं.

मागच्या पत्रात माझ्या हातून एक चूक झाली, ती आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की तुम्ही नऊ घरांबद्दल खोटं लिहिलंत. ते बरोबर नाही. शनिवारी मी तुमचे फोनचे सगळे कागद पुन्हा पाहिले. तुम्ही एक अक्षरही खोटं लिहिलेलं नाही. नऊही जणांपुढे ‘गेले’ असं लिहिलंय, आणि ते नऊही जण खरोखरच गेलेले आहेत. तेव्हा ‘खोटारडे’ हा शब्द मी मागे घेते. त्या जागी कोणता शब्द घालायचा ते अजून सुचलेलं नाही. सुचला की कळवीन.

फोन तुम्ही उचलत नाही. समोरासमोर आलो की साहेबांच्या खोलीचं दार उघडून धरता आणि रांगेतल्या सगळ्या पेशंटांसमोर म्हणता, “या मॅडम, या.” लहानपणी मला ‘ठमे’ म्हणून हाक मारणारा माणूस. म्हणून लिहिते. काकूच्या हाती नाही, तुमच्या कपाटाच्या फटीतून सरकवणार आहे.

पुढचं सगळं तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते, म्हणजे नंतर ‘मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणायला जागा उरणार नाही.

आपल्याकडे ज्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया होते त्याची माहिती मी रजिस्ट्रीत भरते. वय, साखर, किडनी, हृदय किती थकलेलं होतं, काय केलं, कोणी केलं. महिन्याने शेवटचा रकाना: माणूस हयात आहे की नाही. इतर दवाखानेही हेच भरतात. जो जास्त आजारी माणसं हाती घेतो त्याच्यावर अन्याय होऊ नये असा हिशोब करून मग सगळ्यांची तुलना होते. कुणाला फासावर द्यायला नाही. मधुमेही पेशंटांच्या छातीच्या जखमा आपल्याकडे जास्त चिघळतात, हे दोन वर्षांपूर्वी याच तुलनेत दिसलं होतं. शस्त्रक्रियेनंतरची साखर दर दोन तासांनी बघायला लागल्यावर ते थांबलं. तेव्हा गल्लीभर सांगत कोण फिरलं? तुम्हीच.

महिन्यानंतरचा फोन तुम्ही करता, कारण तुमचा आवाज चांगला आहे. हा टोमणा नाही. तुमच्या कागदावर तीनच शेरे असतात: ‘बरे आहेत’, ‘गेले’, ‘फोन लागत नाही’. माझ्याआधी या खुर्चीत जो होता त्याने जाताना सांगितलं, मामा (म्हणजे तुम्ही) ‘गेले’ लिहितात म्हणजे पेशंट आपल्या गावी परत गेला, हयात टाकायचं. पटण्यासारखं होतं. आपले निम्मे पेशंट बाहेरून येतात, नातेवाइकांकडे उतरतात आणि त्यांचाच नंबर देतात. मीही सव्वा वर्ष हयात टाकत आले.

काकूच्या तपासण्यांसाठी तुम्ही रजा घेतलीत, म्हणून त्या आठवड्यातले फोन मी केले. यादीत एक जुना नंबर चुकून आला होता, एका गवंड्याचा. बायकोने उचलला. कसे आहेत, असं मी विचारलं. ती म्हणाली, “ते गेले की.”

मी विचारलं, “कुठे गेले?”

काका, मी एका विधवेला विचारलं, कुठे गेले.

 ती म्हणाली, “कुठे म्हणजे? बाई, तुम्ही दवाखान्यातूनच बोलताय ना?” हे सगळं तिने मागेच सांगितलं होतं म्हणे. दवाखान्यातल्या मामांचा फोन आला होता. फार मायेने बोलले, तिच्याबरोबर रडले. “तुमच्यापेक्षा ते बरे,” असंही म्हणाली, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. मग ‘गेले’ लिहिलेल्या बाकीच्या आठ घरीही मी फोन करून विचारलं, तिथेही तेच.

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. तुम्ही रडलात, डोळे पुसलेत आणि ‘गेले’ लिहिलंत.

येत्या चोवीस तारखेला साहेब काकूच्या हृदयाची झडप बदलणार आहेत. त्याआधी मला तुमच्याशी बोलायचं आहे. आणि साहेबांच्या दारात उभं राहून नाही.

शनिवार, ७ फेब्रुवारी

काका,

तुम्ही माझं पत्र परत पाठवलंत. मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय: ‘शिकवलं तेच चुकलं.’ अक्षर सुरेख आहे. ‘शिकवलं’मधला ‘शि’ ऱ्हस्व, तोही बरोबर. तुम्हाला अचूक लिहिता येतं हे यावरूनही सिद्ध होतं, म्हणून कागद जपून ठेवलाय.

काल जिन्यात गाठून तुम्ही जे बोललात त्याला उत्तर इथे देते.  तुम्ही म्हणालात, “दुःखाच्या घरात फोन करायचा, आणि वर ‘मृत’ असं लिहायचं? तुझ्या त्या रकान्यासाठी? लोक जे बोलले ते मी लिहिलं.”

काका, त्यांच्या तोंडावर म्हणा असं कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर लिहायचं होतं. मेलेल्या माणसाला मेला म्हणायची आपल्याला लाज वाटते हे मलाही कळतं. मीही कधी म्हणत नाही. पण आपल्या तोंडची ही सभ्यता रजिस्ट्रीत गेली आणि तिथे नऊ माणसं जिवंत झाली.

आणि समजा, सुरुवातीला तुम्हाला ठाऊक नव्हतं. मागच्या वर्षी सभागृहात सगळ्या दवाखान्यांची तुलना पडद्यावर दाखवली, तेव्हा? झडपांच्या शस्त्रक्रियांत आपले साहेब सगळ्यांच्या वर होते. एकच मृत्यू. तुम्ही मागच्या भिंतीला टेकून टाळ्या वाजवत होतात. साहेबांनी येऊन खांद्यावर हात ठेवला, “मामा, यात तुमचाही वाटा आहे.” किती वाटा आहे हे त्यांना माहीत होतं की नाही, मला सांगता येणार नाही. तुम्हाला माहीत होतं. आठ-नऊ घरी तुमचं फोनवर रडून झालेलं होतं.

आता ज्याने मला सगळ्यात जास्त राग येतो ते. साहेबांचा हात चांगलाच आहे. मी दहा वेळा तपासलं, कारण हात वाईट निघाला असता तर मला सोपं गेलं असतं. टेबलावर, आयसीयूत, वॉर्डात त्यांची माणसं टिकतात. ती जातात घरी गेल्यावर, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. नऊही जणांना धातूची झडप बसवलेली होती, आणि तिच्यासोबत रक्त पातळ ठेवायची गोळी. ती गोळी कमी पडली तर झडपेत गाठ होते, जास्त झाली तर रक्त थांबत नाही. दर आठवड्याला रक्त तपासून डोस ठरवावा लागतो. आपल्याकडे सुट्टीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात ‘रक्त तपासून घेणे’ एवढंच छापलेलं असतं. कुठे, कधी, कुणाला दाखवायचं, काही नाही. दुसऱ्या एका दवाखान्याने हीच गोष्ट आपल्या आकड्यांत पाहिली आणि एका नर्सला नुसतं तेवढंच काम दिलं: फोन करून बोलावणं, रक्त बघणं, डोस सांगणं. त्यांच्याकडचे घरी गेल्यावरचे मृत्यू जवळजवळ थांबले.

आपल्याला ते दिसलंच नाही, कारण तुमच्या शब्दाखाली ते झाकलं गेलं. एक नर्स आणि एक टेबल, एवढाच उपाय होता.

काकूला तुम्ही सांगितलंत, “आपले साहेब पहिल्या नंबरावर आहेत, मी माझ्या कानांनी ऐकलंय.” काका, तो नंबर तुमचाच आहे. स्वतःच उठवलेली आवई चौकातून फिरून परत आली आणि तुम्ही तिच्यावर विश्वास ठेवून बायकोला टेबलावर झोपवायला निघालात.

बुधवार, ११ फेब्रुवारी

काका,

बाबांकरवी निरोप आला. आधी त्यांचं स्वतःचं: “काकाच्या पोटावर पाय देऊ नकोस.” मग तुमचं: “काकूचं रक्त तू दर आठवड्याला बघ, तुला कळतंच आहे सगळं. आपल्या माणसाला काही होणार नाही. बाकीचं निदान चोवीस तारीख होईपर्यंत उकरू नकोस.”

तुम्ही असं काही म्हणाल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे तुम्हालाही आता पटलंय की लोक का जातात. नाहीतर काकूचं रक्त बघायला कशाला सांगितलं असतंत?

घाई का, हे बाबांना समजावून सांगितलं, तुम्हालाही सांगते. सुधारलेल्या नोंदी गेल्या की नियमाप्रमाणे आपल्याकडच्या झडपांच्या शस्त्रक्रिया त्याच दिवशी थांबतील. रजिस्ट्रीची माणसं येऊन पाहतील, घरी जाणाऱ्यांची व्यवस्था लावतील, मग पुन्हा सुरू. महिना लागेल, दीड लागेल. त्यात काकूची तारीख जाईल. हे मी लपवलेलं नाही. बाबांना म्हटलं, होय, जाईल. ते उठून बाहेर गेले. आपल्या घरात मला सगळे हुशार म्हणतात, पण माझं वाक्य पुरं होईपर्यंत कुणी बसत नाही.

पण चोवीसच्या यादीत काकूखेरीज आणखी तिघं आहेत. आणि जे नुकतेच घरी गेलेत त्यांना मी सोमवारपासून फोन करते आहे. मला तसं कुणी सांगितलेलं नाही. एका शिंप्याने सहज सांगितलं, दात घासताना रक्त येतं, थांबतच नाही, पण तुमचे मामा म्हणाले होते की अशक्तपणा असतो. मी त्याला त्याच तासाला जवळच्या दवाखान्यात पाठवलं. रक्त पाण्यासारखं झालं होतं. तो वाचला. तुम्ही त्याला अशक्तपणा म्हणालात हे मी कुठेही लिहिलेलं नाही. फक्त इथे.

साहेबांकडे मी हा विषय काढलेला नाही. तुमच्याशी बोलल्याशिवाय काढणारही नाही.

सोमवार, १६ फेब्रुवारी

काका,

मागच्या पत्रातली शेवटची दोन वाक्यं खरी नव्हती. साहेबांकडे मी हाच विषय घेऊन गेले होते, पत्र लिहिलं त्याच्या आदल्या दिवशी, तुम्ही जेवायला गेला होतात तेव्हा. तुम्ही मला तिथे पाहिलंत, पण विषय तुम्हाला दुखेल म्हणून लपवला. आता वाटतं, तुम्हाला दुखायला हवं होतं.

साहेब चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, माझे कागद पाहिले आणि म्हणाले, “घरी गेला तो माझ्या टेबलावर नाही गेला.”

मी म्हटलं, सर, रकाना महिन्याचा आहे, टेबलाचा नाही. आणि हे सुधारता येण्यासारखं आहे. एक नर्स लागेल.

ते म्हणाले की पुढच्या वर्षीपासून बघू, प्रस्ताव लिहून दे. मागच्या वर्षाचं उकरण्यात अर्थ नाही. मी विचारलं, मग या नऊ नोंदींचं काय? त्यांनी कागद माझ्याकडे परत सरकवले.

“फोन कोण करतं? मामाच ना? सातवी पास माणूस. त्याने काहीतरी लिहिलं, तुम्ही काहीतरी वाचलंत. बाहेर काही गेलंच, तर ती मामाची चूक आहे. मला त्याला काढावं लागेल. तुमचे कोणी लागतात ना ते?”

एवढंच. मग त्यांनी घंटी वाजवली आणि तुम्हीच जेवण अर्धवट सोडून धावत आलात, दार उघडून धरलंत, आणि मला म्हणालात, “या मॅडम.” तुमच्या मिशीला शीत लागलेलं होतं. मला तुमचा इतका राग कधीच आला नव्हता.

सगळा दवाखाना तुम्हाला मामा म्हणतो. साहेबांनी नुसतं म्हटलं नाही, बनवलं. हा विनोद मी मुद्दाम केलाय, कारण विनोद केल्याशिवाय हे वाक्य मला लिहिता येईना. चाळीस पेशंटांची नावं मुलांबाळांसकट तोंडपाठ असणारा माणूस त्यांच्या लेखी ‘सातवी पास’ आहे, आणि तेही संकटाच्या दिवसासाठी राखून ठेवलेलं.

तुम्ही अजूनही म्हणाल, साहेब असं बोलणारच नाहीत. काल वॉर्डातल्या मावशींना तुम्ही माझ्याबद्दल सांगितलंतच: “पोरगी कान भरतेय.” मला कुणाचे कान भरायचे नाहीत. साहेबांनी माझ्या तोंडावर जे म्हटलं तेच तुम्ही त्यांना विचारा. दार तुमच्याच हातात असतं.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

काका,

तुम्ही त्यांना विचारलं नाहीत. मी वाट पाहिली. मंगळवारी त्यांच्या खोलीत तुम्ही दोनदा गेलात. एकदा चहा घेऊन, एकदा रिकामा कप आणायला.

म्हणून काल, तुम्ही ड्यूटीवर असताना, काकूला सगळं सांगितलं. तुमच्या घरी, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी. ती स्टुलावर बसून भाजी निवडत होती. आता उभं राहून तिला होत नाही, दोन खोल्या चालली तरी भिंतीला हात लावते. हे तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे हे तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

तिने सगळं ऐकलं. मध्ये एकदाच हसली. म्हणाली, “म्हणजे मी पण त्या ‘गेले’त जमा झाले असते. तुझ्या काकाने फोन लावला असता, आणि त्यानेच उचलला असता.” मग हसताना तिला धाप लागली आणि आम्ही दोघी थांबलो.

त्या दुसऱ्या दवाखान्याचं मी तिला सांगितलं, जिथे रक्ताची नर्स आहे. मी तिथे जाऊन आले. तिचे रिपोर्ट त्यांनी ठेवून घेतले. बुधवारी, पंचवीसला, बघायला बोलावलंय. तिथल्या सर्जनचे आकडे आपल्यापेक्षा खाली दिसतात, कारण त्यांच्याकडे मृताला मृत लिहितात. तुम्ही यावर काय म्हणणार ते काकूनेच सांगितलं: “तिथे मला कोण ओळखतं?” काका, ओळखीने झडप बसत नाही.

मग मी तिला विचारणार होते, मी नोंदी कधी पाठवू? चोवीसच्या आधी की नंतर? तोंड उघडलं तेवढ्यात तिने हातातली भाजी खाली ठेवली.

“ते मला विचारू नकोस,” ती म्हणाली. “विचारलंस तर मी ‘नंतर’ म्हणणार. मला जगायचंय गं. आणि मी एकदा ‘नंतर’ म्हटलं की तू माझं ऐकशील, आणि ते तिघं मग माझ्या उरावर बसतील. विचारू नकोस.”

मी विचारलं नाही.

ती माझ्यावर चिडलेली आहे. निघताना ‘जपून जा’ म्हणाली नाही. आपण तिघंही एकमेकांशी नीट बोलत नाही, आणि त्यात एकटी तीच आजारी आहे. हे माझ्यामुळे झालं असं तुम्ही म्हणाल. काही अंशी खरं आहे. किती अंशी ते मी मोजून ठेवलेलं नाही.

आता शेवटचं. सुधारलेल्या नोंदींत ‘माहिती कोणी घेतली’ असा एक रकाना आहे. तिथे तुमचंच नाव येईल, कारण तेच खरं आहे. पण खाली मजकुरासाठी जागा आहे, आणि ती मी मोकळी ठेवलीय. साहेबांनी ‘मामाची चूक’ हे वाक्य तयार ठेवलंय. त्यांच्या आधी तुमचं वाक्य तिथे गेलं पाहिजे, तुमच्या अक्षरात. नऊ घरी तुम्ही काय ऐकलंत, काय लिहिलंत, ते कुणी कसं वाचलं, तुम्हाला ते कधी कळलं, आणि कळल्यावर तुम्ही कुणाला सांगितलंत किंवा नाही सांगितलंत. ‘लोक जे बोलले ते लिहिलं’ एवढंच लिहिलंत तरी मी खोडणार नाही. शिंप्याचं लिहायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे. तुम्ही आलात तर मी उभी राहीन. “या मॅडम” म्हणायचं असेल तर म्हणा, पण बाहेर. आत आलात की लिहा.

नाही आलात तर ती जागा रिकामी जाईल. मी तुमच्या वतीने काही लिहिणार नाही. सव्वा वर्षाहून जास्त काळ तुमच्या एका शब्दाचा अर्थ दुसऱ्यांनी लावला, आणि त्या दुसऱ्यांत मीही होते. ते पुन्हा करणार नाही.

काकूची बॅग तुम्ही भरून ठेवलीत असं ती म्हणाली. ती तशीच राहू द्या, पंचवीसला लागेल. चोवीसला सकाळी तिला घेऊन आपल्या दवाखान्यात येऊ नका, झडपांचं थिएटर बंद असेल. सकाळी सातला उपाशीपोटी तिला रांगेत उभं करून मग हे कळू नये, म्हणून आधीच सांगते.

चोवीस तारीख झाल्यावर नाही. चोवीसलाही नाही. नऊही नोंदी मी सोमवारी पाठवणार आहे, २३ फेब्रुवारीला.